विश्लेषण : आयावास्का, मशरूम की इबोगा? ‘सायकेडेलिक’ शिबिरांमध्ये फरक काय आणि जोखीम कुठे?

पेरूच्या जंगलात आठ दिवस, ॲमस्टरडॅमजवळच्या एखाद्या फार्महाऊसवर तीन दिवस किंवा अमेरिकेतील ओरेगॉन राज्यात परवानाधारक केंद्रात एक दिवस... भ्रमकारी वनस्पतींच्या आधारे ‘मनाची जखम भरून काढण्याचे’ आश्वासन देणाऱ्या शिबिरांच्या जाहिराती आता मोबाइलवर सहज दिसतात. अमेरिकी फुटबॉलपटू आरोन रॉजर्स, ब्रिटनचे राजपुत्र हॅरी यांनी अशा अनुभवांविषयी जाहीरपणे सांगितले. मायकल पोलन यांचे २०१८ मधील ‘हाऊ टू चेंज युअर माइंड’ हे पुस्तक आणि त्यावरील नेटफ्लिक्स मालिका यांनी हा विषय घराघरांत नेला. जाहिरातीत ही सगळी शिबिरे सारखीच दिसतात. प्रत्यक्षात तिथे दिले जाणारे द्रव्य, लागू असणारा कायदा आणि काही बिघडल्यास धावून येणारी यंत्रणा यांत जमीन-अस्मानाचा फरक असतो. नैराश्याच्या गोळ्या सुरू असलेल्या किंवा हृदयविकार असलेल्या व्यक्तीच्या तर तो जिवावर बेतू शकतो.

‘वनस्पती औषध’ म्हणजे नेमके काय?

या शिबिरांत प्रामुख्याने चार गोष्टी वापरल्या जातात. पहिली आयावास्का, म्हणजे ॲमेझॉनच्या खोऱ्यातील काढा. दुसरी सिलोसायबिन हे द्रव्य असलेले मशरूम. शास्त्रीयदृष्ट्या ही वनस्पती नसून बुरशी आहे, तरीही तिची गणना याच गटात केली जाते. तिसरी मेस्कॅलिन असलेली निवडुंगे, त्यांत उत्तर अमेरिकेतील पेयोटे आणि पेरूमधील सॅन पेद्रो येतात. चौथी आफ्रिकेतील गॅबन देशातील इबोगा हे झुडूप.

‘नैसर्गिक’ म्हणजे ‘सौम्य’ असा अर्थ यातील एकाही गोष्टीला लागू होत नाही. चौघांचा शरीरावरील परिणाम वेगळा, टिकण्याचा काळ वेगळा आणि धोकाही वेगळा. मशरूमचा अंमल साधारण चार ते सहा तास राहतो, इबोगाचा दीड दिवसापर्यंत लांबू शकतो. म्हणूनच ‘मला सायकेडेलिक शिबिराला जायचे आहे’ हे वाक्य ‘मला शस्त्रक्रिया करायची आहे’ इतकेच मोघम आहे. कशाची, कुठे आणि कोणाच्या हातून, हे त्यातून कळत नाही.

आयावास्काचा काढा काम कसा करतो?

क्वेचुआ भाषेत ‘आया’ म्हणजे आत्मा किंवा मृत व्यक्ती आणि ‘वास्का’ म्हणजे वेल. काढ्यात प्रामुख्याने दोन वनस्पती असतात. एक आयावास्काची वेल, दुसरी चाक्रुना नावाच्या झुडपाची पाने. पानांमध्ये डीएमटी हे भ्रमकारी द्रव्य असते. ते नुसते गिळले तर काहीच घडत नाही, कारण पोटातील आणि यकृतातील मोनोअमाइन ऑक्सिडेज हे विकर त्याचा तिथल्या तिथे नाश करते. वेलीतील हार्मिन, हार्मलिन ही द्रव्ये या विकराला अडवतात आणि मग डीएमटी मेंदूपर्यंत पोहोचते. हजारो जातींच्या वनस्पती असलेल्या जंगलात नेमकी ही जोडी तिथल्या आदिवासींना कशी सापडली, हे कोडे संशोधकांना आजही भुरळ घालते.

पण याच जोडीत मोठा धोकाही दडलेला आहे. वेल ज्या विकराला अडवते, त्याचा संबंध सेरोटोनिनशी आहे. नैराश्यावरील बहुतेक गोळ्या शरीरातील सेरोटोनिनचा परिणाम वाढवतात. दोन्ही एकत्र आल्यास ‘सेरोटोनिन सिंड्रोम’ होऊ शकतो. त्यात ताप चढतो, स्नायू ताठरतात, नाडी वेगाने धावते, झटके येतात. वेळेत उपचार न मिळाल्यास मृत्यूही ओढवू शकतो. काही वेदनाशामके आणि खोकल्याची काही औषधेही या यादीत मोडतात.

पेरू आणि ब्राझीलमधील पद्धतींत फरक काय?

पेरूमध्ये इकितोस आणि पुकाल्पा या शहरांच्या आसपास ही शिबिरे एकवटली आहेत. उकायाली नदीकाठच्या शिपिबो-कोनिबो समाजातील उपचारक रात्रीच्या अंधारात ‘इकारो’ ही गीते गात विधी चालवतात. उलट्या होणे हा इथे दुष्परिणाम मानला जात नाही. ती शुद्धीच मानली जाते. विधीपूर्वी काही दिवस मीठ, साखर, डुकराचे मांस, मद्य आणि शरीरसंबंध वर्ज्य असतात. २००८ मध्ये पेरूने आयावास्काविषयीचे आदिवासींचे ज्ञान आणि वापर राष्ट्रीय सांस्कृतिक वारसा म्हणून जाहीर केले.

तरीही पर्यटकांना जे मिळते ते जसेच्या तसे परंपरेतले नसते. अनेक जमातींमध्ये पूर्वी काढा प्रामुख्याने उपचारकच पीत असे आणि त्या अवस्थेत रुग्णाच्या आजाराचे कारण शोधत असे. वीस अनोळखी परदेशी माणसांनी एकाच रात्री एका छपराखाली काढा पिणे, ही पर्यटनातून रुळलेली पद्धत आहे. वारसा म्हणून मान्यता मिळाली असली तरी एखाद्या शिबिराचा दर्जा सरकारने तपासला आहे, असा तिचा अर्थ होत नाही.

ब्राझीलमध्ये वाट वेगळी आहे. तिथे रबर गोळा करणाऱ्या मजुरांच्या वस्त्यांतून आयावास्का पिणारे धर्मपंथच उभे राहिले. रायमुंदो इरिनेउ सेरा यांनी १९३० च्या दशकात स्थापन केलेला ‘सांतो दाइमे’ आणि १९६१ मध्ये सुरू झालेला ‘उनियाओ दो वेजेताल’ हे त्यांतील प्रमुख. गणवेश, स्तोत्रे, ठरलेले वार, ठरलेली शिस्त असे त्यांचे स्वरूप आहे. ब्राझीलने धार्मिक वापराला मान्यता दिली, मात्र २०१० च्या नियमांनुसार काढ्याची विक्री आणि त्यावर आधारित पर्यटन यांना मनाई आहे. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानेही २००६ मध्ये ‘उनियाओ दो वेजेताल’च्या बाजूने एकमताने निकाल दिला. म्हणजे इथे येणारा माणूस ग्राहक म्हणून येत नाही, उपासक म्हणून येतो. ज्याला धर्माशी देणेघेणे नाही, त्याच्यासाठी ही जागा नव्हे.

मशरूमची शिबिरे तुलनेने सुरक्षित का मानली जातात?

सिलोसायबिनचा शरीरावरील ताण आयावास्का किंवा इबोगाच्या तुलनेत कमी असतो आणि त्यावर वैद्यकीय संशोधनही सर्वाधिक झाले आहे. नेदरलँड्सने १ डिसेंबर २००८ पासून भ्रमकारी मशरूमवर बंदी घातली. ॲमस्टरडॅममध्ये एका फ्रेंच तरुणीच्या मृत्यूनंतर हा प्रश्न पेटला होता. मात्र त्याच बुरशीच्या जमिनीखाली वाढणाऱ्या गाठी, ज्यांना ‘ट्रफल’ म्हटले जाते, त्या बंदीच्या यादीत आल्या नाहीत. आज तिथली शिबिरे या गाठींवर चालतात. त्याच देशात आयावास्काला मात्र परवानगी नाही. सांतो दाइमे पंथाची धर्मस्वातंत्र्याची बाजू तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये फेटाळली. जमैकामध्ये मशरूमवर कधी बंदीच आली नाही, त्यामुळे तिथेही शिबिरे भरतात. पण या दोन्ही देशांत ‘बंदी नाही’ याचा अर्थ ‘सरकारी देखरेख आहे’ असा होत नाही.

देखरेखीचे प्रारूप अमेरिकेतील ओरेगॉनने उभे केले. नोव्हेंबर २०२० च्या जनमत कौलानंतर २०२३ मध्ये तिथे परवानाधारक केंद्रे सुरू झाली. वयाची २१ वर्षे पूर्ण हवीत, आधी तयारीची बैठक हवी, सोबत प्रशिक्षित आणि परवानाधारक सहायक हवा, मशरूम प्रयोगशाळेत तपासलेले हवेत आणि मात्रेला कमाल मर्यादा हवी, अशा अटी आहेत. लिथियम घेणाऱ्यांना प्रवेश नाकारला जातो. कोलोरॅडोने २०२२ च्या कौलानंतर हीच वाट धरली. ऑस्ट्रेलियाने १ जुलै २०२३ पासून, इतर उपचारांना दाद न देणाऱ्या नैराश्यासाठी सिलोसायबिन देण्याची मुभा ठरावीक मानसोपचारतज्ज्ञांना दिली. ओरेगॉनमधील केंद्र हे रुग्णालय नाही आणि तिथला सहायक डॉक्टर असेलच असे नाही. ऑस्ट्रेलियात मात्र हा उपचार डॉक्टरच करतात. हा फरक लक्षात घेण्याजोगा आहे.

इबोगाबाबत विशेष सावधगिरी का?

इबोगा हे तगर आणि सदाफुलीच्या कुळातील झुडूप. गॅबनमधील ‘ब्विती’ परंपरेत त्याच्या मुळाची साल दीक्षाविधीत खाल्ली जाते. त्यातील इबोगेन हे द्रव्य अफूजन्य व्यसने सोडवण्यास मदत करू शकते, असा दावा १९६० च्या दशकापासून होत आला आहे. मेक्सिकोतील खासगी दवाखान्यांकडे अमेरिकी माजी सैनिकांचा ओढा आहे तो याच कारणाने. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी ३० माजी सैनिकांवर केलेल्या आणि २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात उत्साहवर्धक निष्कर्ष आले. परंतु त्यात तुलनेसाठी दुसरा गट नव्हता आणि हृदयाच्या रक्षणासाठी मॅग्नेशियम दिले गेले होते. टेक्सास राज्याने २०२५ मध्ये या संशोधनासाठी पाच कोटी डॉलरची तरतूद केली.

हृदयाच्या रक्षणाची गरज का भासते, यातच इबोगाचा धोका आहे. इबोगेनमुळे हृदयाचे ठोके नियंत्रित करणारी विद्युत लय बिघडू शकते आणि त्यामुळे मृत्यू झाल्याची उदाहरणे आहेत. त्यामुळे आधी ईसीजी व रक्तातील क्षारांची तपासणी आणि नंतर सतत हृदयाचे निरीक्षण, हे नसेल तर इबोगाचे शिबिर निवडण्याचा प्रश्नच उद्भवत नाही.

संशोधन खरोखर काय सांगते?

‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, गोळ्यांना दाद न देणारे नैराश्य असलेल्या २३३ रुग्णांना सिलोसायबिनची एकच मात्रा दिली गेली. २५ मिलिग्रॅम घेतलेल्यांपैकी ३७ टक्के रुग्णांमध्ये तीन आठवड्यांनी ठळक सुधारणा दिसली. केवळ १ मिलिग्रॅम घेतलेल्यांमध्ये हे प्रमाण १८ टक्के होते. परंतु १२ आठवड्यांपर्यंत सुधारणा टिकलेले रुग्ण २५ मिलिग्रॅमच्या गटातही साधारण २० टक्केच होते. आयावास्काबाबत ब्राझीलमध्ये २९ रुग्णांवर झालेल्या चाचणीत सातव्या दिवशी काढा घेतलेल्यांपैकी ६४ टक्के, तर खोटा काढा घेतलेल्यांपैकी २७ टक्के रुग्णांत सुधारणा आढळली.

यात दोन गोष्टी निसटून जातात. पहिली, या चाचण्यांमध्ये रुग्ण पारखून घेतलेले असतात, शेजारी मानसोपचारतज्ज्ञ असतो आणि मात्रा मोजलेली असते. शिबिरात यातले काहीच नसू शकते. दुसरी, वातावरणाचा वाटा. आयावास्काच्या शिबिरांतच ३० जणांवर केलेल्या आणि २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात काहींना खरा, तर काहींना खोटा काढा दिला गेला. दोन्ही गटांना बरे वाटले आणि दोहोंतील फरक फारसा नव्हता. कामातून सुटका, गाणी, सोबत आणि मोठी अपेक्षा यांचाही परिणाम असतो, हेच त्यातून दिसते.

आयावास्का घेतलेल्या १० हजार ८३६ जणांच्या, २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जागतिक सर्वेक्षणात जवळपास ७० टक्के जणांनी उलट्यांसारखे शारीरिक त्रास नोंदवले. वैद्यकीय मदत लागली ती २.३ टक्के जणांना. पुढच्या काही आठवड्यांत वा महिन्यांत मानसिक त्रास जाणवल्याचे सुमारे ५६ टक्के जणांनी सांगितले. त्यांतील बहुतेकांनी तो वाढीचाच भाग मानला, तरी साधारण १२ टक्के जणांना व्यावसायिक मदत घ्यावी लागली. म्हणजे शिबिर संपले म्हणून परिणाम संपत नाही.

कोणी या वाटेला जाऊच नये?

स्वतःला किंवा रक्ताच्या नात्यात कोणाला स्किझोफ्रेनिया वा बायपोलर आजार असेल, तर या द्रव्यांमुळे तो उफाळून येऊ शकतो. त्यामुळे चाचण्यांमधून अशा व्यक्तींना सर्रास वगळले जाते. हृदयविकार, अनियंत्रित रक्तदाब, फिट्सचा आजार आणि गर्भारपण ही इतर कारणे. लिथियम सुरू असताना सिलोसायबिन घेतलेल्यांना झटके आल्याच्या नोंदी आहेत.

याहून नकळत होणारी चूक म्हणजे शिबिरासाठी नैराश्याच्या गोळ्या मनानेच बंद करणे. फ्लुओक्सेटिनसारख्या औषधाचा अंश अनेक आठवडे शरीरात राहतो, त्यामुळे चार दिवस आधी गोळी थांबवून आयावास्काचा धोका टळत नाही. उलट गोळी अचानक सुटल्याने मूळ आजार परत डोके वर काढतो. तोही घरापासून हजारो किलोमीटर दूर. गोळी कमी करायची की नाही, हा निर्णय ती लिहून देणाऱ्या डॉक्टरांचाच असायला हवा.

शिबिर निवडताना काय तपासावे?

पहिली कसोटी म्हणजे शिबिर काय विचारते. औषधांची यादी, कुटुंबातील मानसिक आजार, हृदयाचा इतिहास यांची सविस्तर चौकशी न करता थेट पैसे भरण्याची लिंक पाठवणारे शिबिर तिथेच बाद करावे. ‘तुम्हाला आम्ही घेऊ शकत नाही’ असे सांगणारे शिबिर उलट भरवशाचे.

दुसरी, काढ्यात काय आहे? काही ठिकाणी आयावास्कात ‘तोए’ची पाने घातली जातात. ती आपल्याकडच्या धोतऱ्याच्या कुळातील वनस्पती असून तिच्यातील विष तसेच घातक असते. त्याच मुक्कामात बेडकाच्या त्वचेतील स्राव चटका दिलेल्या त्वचेवर लावण्याचा ‘कांबो’ किंवा तंबाखूचा काढा ‘जोडीला’ दिला जातो. या दोन्हींमुळे मृत्यू झाल्याचे दाखले आहेत. लिमा येथील अमेरिकी दूतावासाने जानेवारी २०२५ मध्ये आपल्या नागरिकांना आयावास्का आणि कांबो घेऊ नका, असा स्पष्ट इशारा दिला होता.

तिसरी, जवळचे रुग्णालय किती अंतरावर आणि तिथे नेणार कोण? नदीतून बोटीने चार तास लागत असतील, तर ‘आमच्याकडे प्रथमोपचार पेटी आहे’ हे उत्तर पुरेसे नाही. चौथी, किती जणांमागे किती सहायक आणि रात्रभर शुद्धीवर राहणारे कोण? पाचवी, महिलांच्या सुरक्षेची व्यवस्था. अंमलाखाली असलेल्या महिलांचा उपचारक किंवा सहायकांनीच लैंगिक छळ केल्याच्या तक्रारी अनेक देशांतून आल्या आहेत. स्पर्शाविषयीचे नियम लेखी आहेत का, महिला सहायक आहेत का, हे आधीच विचारावे. सहावी, परतल्यानंतर संपर्क कोणाशी? त्या अनुभवाचा अर्थ लावायला मदत करणाऱ्या बैठका नसतील, तर निम्मे काम अर्धवट सुटते.

मूळ समाजांना यातून काय मिळाले?

मेक्सिकोतील ओहाका प्रांतातील हुआउत्ला दे हिमेनेझ या गावच्या मारिया साबिना या माझातेक उपचारक. आजारी माणसासाठी त्या रात्रभर मशरूमचा विधी करत. १९५५ मध्ये अमेरिकी बँकर गॉर्डन वॉसन यांना त्यांनी विधीला बसू दिले. १९५७ मध्ये वॉसन यांचा लेख ‘लाइफ’ साप्ताहिकात आला आणि गावात परदेशी तरुणांची रीघ लागली. पोलीस आले, गावकरी संतापले, साबिना यांचे घर जाळले गेले. १९८५ मध्ये त्यांचे निधन झाले ते गरिबीतच. ऋग्वेदातील सोम म्हणजे मशरूमच असावे, असा वादग्रस्त सिद्धान्त पुढे १९६८ मध्ये मांडणारेही हेच वॉसन.

आज पेयोटे निवडुंगाची अवस्था तशीच आहे. ते वाढायला दहा वर्षे किंवा त्याहून अधिक काळ लागतो आणि मागणीमुळे ते दुर्मीळ होत चालले आहे. अमेरिकेत १९९४ च्या कायद्याने ते मूळनिवासींच्या धार्मिक वापरापुरते मान्य आहे. त्यामुळे बाहेरच्यांसाठी भरणाऱ्या पेयोटे शिबिरांकडे हे समाज नाराजीने पाहतात. शिबिराचे मालक कोण आणि गीते गाणाऱ्या उपचारकाच्या हाती किती पडते, हाही निवडीतला प्रश्न ठरतो.

भारतीयांसाठी कायदा काय सांगतो?

डीएमटी, सिलोसायबिन आणि मेस्कॅलिन ही तिन्ही द्रव्ये १९८५ च्या एनडीपीएस कायद्याच्या यादीत आहेत. व्यापारी प्रमाणात बाळगल्यास १० ते २० वर्षांपर्यंत सक्तमजुरीची तरतूद आहे. केरळ उच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये एका जामीन प्रकरणात मशरूम ही नैसर्गिक बुरशी असल्याचे म्हटले. परंतु तो आदेश जामिनापुरता आहे, त्याने सिलोसायबिन वैध झालेले नाही. त्यामुळे गोव्यात वा डोंगरात गुपचूप भरणाऱ्या ‘सेरेमनी’ला कायद्याचे कोणतेही संरक्षण नाही. तिथे काही बिघडले तर आयोजक रुग्णालयात न्यायलाही कचरतात, हा खरा धोका आहे. हा कायदा भारताबाहेरील भारतीय नागरिकांनाही लागू असल्याचे त्याच्या पहिल्याच कलमात म्हटले आहे. परदेशातून ट्रफल किंवा काढा सोबत आणणे हा तर उघड गुन्हा ठरेल.

अमेरिकेत नोकरीनिमित्त असलेल्या मराठी मंडळींसाठी आणखी एक मेख आहे. ओरेगॉन किंवा कोलोरॅडोने मुभा दिली असली, तरी संघराज्याच्या कायद्यात सिलोसायबिन प्रतिबंधितच आहे आणि व्हिसा, ग्रीन कार्डचे निर्णय त्याच कायद्याने होतात. अशा वापराची कबुली अर्जाच्या वेळी अडचणीत आणू शकते.

या शिबिरांकडे वळणाऱ्यांमध्ये निव्वळ कुतूहल असलेले असतात, तसे सगळे उपाय करून थकलेलेही असतात. जोखीम सर्वाधिक असते ती या दुसऱ्या गटाला, कारण औषधे त्यांचीच सुरू असतात आणि आशाही त्यांचीच मोठी असते. अशांनी तिकीट काढण्याआधी आपल्या मानसोपचारतज्ज्ञांपाशी हा विषय न लाजता काढणे, हीच पहिली पायरी. ज्यांच्यापाशी असे कोणी नाही, त्यांच्यासाठी केंद्र सरकारची ‘टेली-मानस’ ही १४४१६ क्रमांकाची मोफत सेवा चोवीस तास सुरू असते. तिथे मराठीतही बोलता येते.